बिझीबॉक्सची बांधणी आणि वेळेची नोंद

बोईसरलगतच्या तारापूर औद्योगिक वसाहतीतील सांडपाणी सामूहिक प्रक्रिया केंद्रातून पुढे नवापूरच्या किनाऱ्याकडे समुद्रात सोडले जाते. अतिप्रदूषक गणलेल्या १७ प्रकारच्या उद्योगांत आणि अशा केंद्रांत सांडपाण्याचे अखंड स्वयंचलित मापन व्हावे, असे निर्देश केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ साली राज्य मंडळांना दिले. आम्लता किती वाढली याइतकेच ती केव्हा वाढली हेही अशा नोंदीत महत्त्वाचे असते. कोणत्या पाळीत काय सोडले गेले, हे त्यावरूनच ठरावयाचे. हे काम लिनक्सवर चालणाऱ्या एखाद्या लहान बोर्डाकडे सोपविल्यास त्यावरील मूलभूत आज्ञांची बांधणी कशी करावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

अशा बोर्डांसाठी बहुधा बिझीबॉक्स योजतात. ब्रूस पेरेन्स यांनी १९९५ साली डेबियन प्रणालीच्या स्थापनेस लागणारी सामग्री एका फ्लॉपीत मावावी, म्हणून ते लिहावयास घेतले. येथे प्रत्येक आज्ञेस स्वतंत्र फाइल नसते. फाइल एकच, ‘एलएस’, ‘ग्रेप’, ‘डेट’ ही तिच्याकडे निर्देश करणारी केवळ नावे. ज्या नावाने हाक येईल ती भूमिका ती वठविते.

बांधणी मोठ्या संगणकावर, बोर्डाच्या प्रोसेसरसाठी असलेल्या क्रॉस-कंपायलरने होते. ‘मेक डेफकॉन्फिग’ या आज्ञेने बहुतेक सर्व घटक निवडले जातात. ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ने त्यांतील नको ते वगळता येतात.

खरी मेख जोडणीच्या प्रकारात आहे. बोर्डावर लायब्ररी ठेवावयास नकोत, म्हणून स्थिर जोडणी निवडण्याकडे कल असतो. परंतु जीलिबसी लायब्ररीशी अशी जोडणी केली, तरी यजमान-नावावरून पत्ता शोधण्याच्या वेळी तिला काही लायब्ररी बाहेरून लागतातच. बांधणीच्या अखेरीस लिंकर तशी सूचना देतो. पण फाइल तयार झालेली असल्याने ती सूचना सहसा कोणी वाचीत नाही. त्या लायब्ररी हजर असलेल्या यंत्रावर चाचणी घेतल्यास दोष झाकलाच राहतो. प्रत्यक्ष बोर्डावर मात्र ‘एनटीपीडी’ला वेळ पुरविणाऱ्या सर्व्हरचा पत्ता मिळत नाही. बोर्डावर घटावर चालणारे घड्याळ नसेल, तर वीज जाऊन परत आल्यावर वेळ बहुधा १ जानेवारी १९७० पासून सुरू होते. मापन अचूक असूनही ती नोंद पुरावा म्हणून निरुपयोगी ठरते.

यावर उपाय म्हणून मसल लायब्ररीशी स्थिर जोडणी करावी. तिला नावाच्या शोधासाठी बाहेरची लायब्ररी लागत नाही. ते शक्य नसल्यास ‘एनटीपीडी’स नावाऐवजी अंकी पत्ता द्यावा, मात्र सर्व्हरचा पत्ता बदलल्यास ही तजवीज निकामी होते. शिवाय, वीज व जाळे दोन्ही खंडित होण्याचा संभव असेल तेथे घटावरचे घड्याळ बसवून ‘एचडब्ल्यूक्लॉक’ ही आज्ञाही निवडीत ठेवावी लागते. जागा वाचविण्याच्या भरात ती वगळण्याचा मोह होतो. त्यातून वाचतात ते थोडे किलोबाइट.