काडीमोडाची सोय नसलेलं विमान

‘कॉन्कॉर्ड’च्या रोमन स्पेलिंगमध्ये शेवटी एक ‘ई’ आहे. मराठीत तो दिसत नाही, उच्चारातही सापडत नाही. पण त्यावरून लंडन-पॅरिसमध्ये काही वर्षं रुसवेफुगवे चालले. फ्रेंचांना तो हवा, ब्रिटिशांना नको. डिसेंबर १९६७मध्ये तुलूझला पहिलं विमान हँगरबाहेर काढलं, तेव्हा ब्रिटिश मंत्री टोनी बेन यांनी ‘ई’ कबूल केला: ‘एक्सलन्स’चा, ‘इंग्लंड’चा, ‘युरोप’चा. नाकाचं टोक आमच्याकडे बनतं, अशी तक्रार स्कॉटलंडहून आली. बेन म्हणाले, स्कॉटलंडला फ्रेंचमध्ये ‘एकॉस’ म्हणतात, तेही ‘ई’वरूनच!

ध्वनीच्या दुप्पट वेगाचं हे विमान प्रवाशांनी मागितलंच नव्हतं, ते सरकारांना हवं होतं. ब्रिटनला युरोपच्या सामायिक बाजारात शिरायचं होतं आणि दारात फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल उभे होते. २९ नोव्हेंबर १९६२ला दोन्ही देशांनी करार केला. फ्रेंच मधेच पळतील या धास्तीने, माघारीची सोय करारात ठेवायचीच नाही असा आग्रह ब्रिटननेच धरला. दोनच महिन्यांत द गॉलनी बाजाराचं दार लावलं. ब्रिटनमध्ये १९६४ साली आलेल्या विल्सन सरकारला वाढता खर्च पाहून हा संसार मोडायचा होता. पण काडीमोड घ्यायला गेलं तर आपलाच आग्रह आपल्याच गळ्यात!

अमेरिकी विमानकंपनी पॅन अ‍ॅमने कॉन्कॉर्डसाठी नाव नोंदवताच, जून १९६३मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनीही तसंच अमेरिकी विमान जाहीर केलं. १९७१मध्ये सिनेटने पैसा नाकारला आणि बोइंगचं ते विमान उडालंच नाही. सोव्हिएतांनी मात्र घाई साधली. त्यांचं टीयू-१४४ ३१ डिसेंबर १९६८ला उडालं, कॉन्कॉर्डच्या दोन महिने आधी. वर्ष संपायच्या आत उडवायचंच, हा हट्ट तारखेवरूनच कळतो. १९७३च्या पॅरिस प्रदर्शनात त्यातलं एक कोसळलं. विमानातले सहा आणि जमिनीवरचे आठ जण गेले. पुढे मॉस्को-अल्माअता मार्गावर प्रवासी फेऱ्या झाल्या त्या अवघ्या ५५, आणि आत गोंगाट असा की शेजाऱ्याचं बोलणं ऐकू येईना.

कॉन्कॉर्डसाठी आपल्या एअर इंडियानेही दोन विमानांची नोंदणी केली होती. तेलाचे भाव भडकले, जमिनीवरून जाताना होणाऱ्या स्फोटासारख्या दणक्याला विरोध वाढला आणि एकेक कंपनी गळाली. सेवेत आली ती १४ विमानं. घेणारे दोघेच: ब्रिटिश एअरवेज आणि एअर फ्रान्स. दोन्ही कंपन्या तेव्हा सरकारी होत्या.