हवेच्या नळीला कोणता धातू?

१९५७ साली कॅडिलॅकने ‘एल्डोराडो ब्रॉहम’ आणली. किंमत १३,०७४ डॉलर, छप्पर स्टेनलेस स्टीलचं आणि चारही चाकांवर पोलादी स्प्रिंगांऐवजी हवा. गाडी चालायची झोकात, पण हवा काही टिकेना. शेवटी कित्येक मालकांनी ती सगळी व्यवस्था उपटून साध्या कॉइल स्प्रिंगा बसवून घेतल्या. बसगाड्यांमध्ये मात्र हवेचं सस्पेन्शन रुजलं. हवेच्या ज्या पिशवीला आपले मेकॅनिक ‘बलून’ म्हणतात, ती आज लक्झरी बसखाली सर्रास दिसते.

अमेरिकेतल्या हौशी गाडीवाल्यांनी त्याचं वेगळंच वेड घेतलं. बटण दाबलं की गाडी रस्त्याला पोट टेकवते, पुन्हा दाबलं की उठते. डिकीत हवेची टाकी, कॉम्प्रेसर, व्हॉल्व्ह आणि त्यांना जोडणाऱ्या, एकमेकींना समांतर वळलेल्या चकचकीत धातूच्या नळ्या. खरं तर नायलॉनच्या नळीने काम भागतं. ट्रकच्या एअर ब्रेकला तीच असते. धातू येतो तो देखणेपणासाठी, आणि सायलेन्सरच्या धगीपासून किंवा घासण्यापासून बचाव म्हणून. मग प्रश्न उरतो, कोणता धातू?

पहिली शंका दाबाची येते, आणि तीच सगळ्यात फोल. या टाक्यांत दाब साधारण १० ते १४ बार. तीन सुती, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरची, पाऊण-एक मिलिमीटर जाडीची मऊ तांब्याची नळीसुद्धा हिशेबाने याच्या वीसपट दाब सोसते. नळी हवेने फुटत नाही. ती हादऱ्याने तडकते, तीही बहुतेक वेळा टोकाशी, नटाच्या अगदी मागे.

तांबं इथेच दगा देतं. हाताने वळतं, फ्लेअर, म्हणजे नळीचं पसरवलेलं टोक, सुरेख बसते, फ्रिजवाल्याकडे सहज मिळतं. पण ते ठोकून, वाकवून कडक होत जातं. पुण्याच्या तांबट आळीत भांड्याला मठार मारतात ती चमकेसाठी, तशीच पत्र्याला ताठपणा यावा म्हणूनही. आणि घडवताना मधूनमधून तो तापवून मऊ करावा लागतो. चालत्या गाडीखाली हादरे बसतच राहतात, पण मधे कोणी तापवायला येत नाही. ॲल्युमिनियम हलकं, पॉलिश छान घेतं, पण हादऱ्यांपुढे तेही थकतं. शिवाय पितळी फिटिंगला लागून मिठाचं पाणी साचलं, की आधी ॲल्युमिनियमच खाल्लं जातं.

स्टेनलेस दिसायला राजा, हाताळायला हट्टी. चाकाच्या कटरने कापलं तर कापलेली कड कडक होते आणि फ्लेअर करताना तडा जातो. म्हणून बारीक दात्याच्या हॅकसॉने कापायचं, आतली-बाहेरची बर, म्हणजे कापताना उठलेली धारदार कड, काढायची, नळी फुंकून स्वच्छ करायची. नट आणि स्लीव्ह आधी सरकवून ठेवायचे, कारण एकदा टोक पसरलं की ते मागून चढत नाहीत. फ्लेअर ३७ अंशांची, एकेरी. गाडीच्या ब्रेकची नेहमीची ४५ अंशांची दुहेरी घडी स्टेनलेसवर घालायला गेलात तर हत्यारही रडतं. बेंडरमधून सोडल्यावर नळी थोडी उलगडते, तेवढा कोन जास्त घ्यावा लागतो. समुद्राकाठी किंवा बर्फावर मीठ टाकणाऱ्या मुलखात ३०४ प्रतीच्या स्टेनलेसपेक्षा ३१६ बरं. त्यातलं मॉलिब्डेनम क्षारांनी पडणाऱ्या खड्ड्यांना आवरतं.

माझं मत विचाराल तर गाडीखालच्या नळीला तांबं-निकेलचा मिश्रधातू घ्यावा. सुमारे दहा टक्के निकेल, थोडं लोखंड, बाकी तांबं. जहाजांत समुद्राचं पाणी वाहणारे पाइप याच जातीचे. वोल्वोने १९७६ पासून ब्रेकच्या नळ्यांना तो वापरला. शुद्ध तांब्यापेक्षा हादरे जास्त सोसतो, गंजत नाही आणि तरी हाताने वळतो. चमक स्टेनलेसची नाही. पण गाडीखाली वाकून बघतो कोण? स्टेनलेस डिकीत शोभतं, तिथेच ठेवावं.

धातू कुठलाही निवडा, नळीला ठरावीक अंतरावर रबर लावलेल्या क्लिपा हव्यात. आणि ती चॅसीवरच थांबवायची. बलून चाकाबरोबर वरखाली होतो, म्हणून शेवटचा हात-दीड हात लवचीक होजच लागतो. सगळं घट्ट केल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायचे, मग रात्रभर गेजवरचा काटा किती उतरतो ते पाहायचं. नट मात्र नुसता ताकद लावून आवळत सुटू नये. जास्त आवळलेली फ्लेअर चेपून पातळ होते आणि तिथूनच पुन्हा गळायला लागते.