वाघामागचं जंगल

१९९५ मध्ये ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि अंधारी अभयारण्य मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, त्या सुमारास आम्ही फिल्मवर काम करत होतो. रोल छत्तीस फ्रेमचा, त्यात स्लाइड फिल्म म्हणजे पन्नास नाहीतर शंभर आयएसओ. पहाटे बांबूच्या सावलीत शटर इतकं मंद ठेवावं लागे की चालता वाघ हललेलाच येई. त्यामुळे त्या काळातले आमचे वाघ बहुतेक बसलेले, नाहीतर पाणवठ्यात डुंबलेले. सगळ्यांचे फोटो सारखे दिसत, कारण फिल्मने सगळ्यांना एकाच चौकटीत बसवलं होतं.

मग डिजिटल आलं आणि २०१४ च्या आसपास १५०-६०० च्या झूम लेन्स आवाक्यात आल्या. अंधारातही वाघ टिपता येऊ लागला. ताडोब्यातल्या वाघडोह, माया, मटकासुर या वाघांची नावं घराघरांत पोहोचली. मोहर्ली गेटमधून सुटलेल्या जिप्सी एका रांगेत थांबत आणि समोरून चालत येणारा वाघ दहा कॅमेऱ्यांत एकाच क्षणी उतरे. त्या ‘हेड-ऑन’ फोटोंना मी कमी लेखत नाही. वाघाची ओळख पटवायला पट्टे कामी येतात, आणि लोकांचा जीव एखाद्या वाघिणीवर जडतो तो अशाच फोटोंमुळे. पण मागचा भाग पूर्ण धूसर झालेला तो वाघ कान्हाचा की ताडोब्याचा, हे फोटो बघून सांगता येत नसे. मला ते खटकू लागलं.

ताडोब्याच्या डांबरी रस्त्याकडेला गोंड राजवटीतले दगडी खांब ओळीने उभे आहेत. त्या खांबांपाशी मी मोठी लेन्स खाली ठेवली. फ्रेममध्ये अख्खा खांब घ्यायचा तर वाघ लहान होणारच. तो लहान झाला आणि भोवतीचं रान दिसू लागलं. एप्रिल-मेमध्ये इथला साग निष्पर्ण असतो, पारा सत्तेचाळीसच्या घरात जातो आणि आभाळ निळं न राहता पांढुरकं होतं. मुरूम, सागाची वाळली पानं आणि वाघ या एकाच रंगाच्या तीन छटा. संगणकावर हिरवा रंग चढवून नारिंगी वाघ उठून दिसेल असं करता येतं, पुष्कळ जण करतातही. मी तो करडा-तपकिरी पट्टा तसाच ठेवू लागलो, एक्सपोजर थोडं खाली आणून. वन्यजीव छायाचित्रकार एम. कृष्णन यांची कृष्णधवल छायाचित्रं मी त्या दिवसांत पुन्हापुन्हा बघत असे. हत्ती असो की सांबर, त्याच्या भोवतीचा झाडझाडोरा त्यांनी कधी पुसून टाकला नाही.

असं भोवतालासकट बघणं पुरतं अंगी मुरलं ते मात्र गडचिरोलीत. तिथे गेट नाही, जिप्सी नाही, सायटिंगची घाई नाही. आलापल्लीच्या वनवैभवात साग इतके उंच की कॅमेरा उभा धरूनही शेंडा फ्रेमबाहेर जातो. आणि रानात माणसं असतातच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला, २०११ मध्ये बांबूविक्रीचाही. अशा मुलखात रान रिकामं दाखवणं हे खोटं चित्र ठरलं असतं.

मार्चमध्ये मोहफुलं पडायच्या आधी बाया झाडाखालचा पालापाचोळा झाडून जाळतात. काळ्या राखेचं वर्तुळ उरतं. पहाटे त्यावर पिवळसर, रसरशीत फुलं पडलेली असतात आणि त्यांच्यामध्ये टोपली घेऊन वाकलेली बाई. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं इथले जुने लोक सांगतात. मोहफुलं वेचणाऱ्या या बायांचा फोटो मिळवायला लांबून लेन्स रोखून भागत नाही. “आधी बसा जी, फोटो मंग,” असं एका आजीने सांगितलं, तेव्हापासून मी आधी बसतो. चोवीस-पस्तीसच्या लेन्सने, त्यांच्या उंचीवरून, त्यांना माहीत असताना काढतो.

बाहेरही वारं बदलत होतं. नयन खानोलकर यांनी मुंबईतल्या आरेच्या वारली पाड्यात, घरांच्या मधून जाणारा बिबट्या टिपला आणि २०१६ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत शहरी गटाचा मान मिळवला. २०२४ मध्ये दीप काठीकर यांनी ताडोब्याच्या बफरमध्ये रामदेगीजवळ प्लास्टिकची बाटली तोंडात धरलेला वाघ दाखवला. दोन्हींत प्राण्याइतकीच भोवतालची गोष्ट बोलते.

महाराष्ट्रातले वाघ २०१४ च्या गणनेत १९० होते, २०१८ मध्ये ३१२, २०२२ मध्ये ४४४. त्यातले कितीतरी सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडच्या शेतशिवारात, चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या परिसरात वावरतात. तिथे वाघाच्या हल्ल्यात ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरी मी कॅमेरा बाहेर काढत नाही. माझ्या शैलीत मी हेही धरतो.

२०२१ मध्ये छत्तीसगडातून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. सध्या माझं काम त्याच्यावर चाललं आहे आणि माझ्या बहुतेक फोटोंत हत्ती नाही. धानाची बांधी, चिखलात उमटलेलं पाऊल, त्यात साचलेलं पाणी. पिकाच्या नुकसानीच्या पंचनाम्याला वनरक्षक टेपचं एक टोक धरतो, दुसरं शेताचा मालक. त्या मोजणीचे फोटो काढून एक प्रत मी मालकाला देतो, भरपाईच्या अर्जासोबत लावायला.