जोडीची डिस्क कशापासून वाचवते?

एखाद्या संस्थेचे संकेतस्थळ सुरू होते तेव्हा समारंभ होतो. पाहुणे कळ दाबतात, पडद्यावर संस्थेचे नाव उमटते, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. ते संकेतस्थळ राहते कुठे, हे मात्र कुणी विचारत नाही. वर्षाचे भाडे भरले की जागा मिळते, एवढेच ठाऊक असते. वाचनालयाची ग्रंथसूची, नाट्यमंडळाची जुनी छायाचित्रे, स्मरणिकांचे अंक असे पुष्कळ काही आज या भाड्याच्या जागेत गेले आहे. मूळ कागद वाळवीने खाल्ले असतील तर तेवढीच प्रत शिल्लक. म्हणून त्या जागेची थोडी चौकशी केलेली बरी.

ही जागा म्हणजे दूरच्या एखाद्या वातानुकूलित इमारतीतला संगणक आणि त्यातली हार्ड डिस्क. डिस्कच्या तबकड्या मिनिटाला 7200 फेरे घेतात आणि वाचणारे टोक तबकडीला न टेकता केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगते. असे यंत्र कधीतरी थांबणारच. नव्या एसएसडीत फिरणारे काही नसते, पण तीही निकामी होते. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षात शंभरात दोनही डिस्क बिघडत नव्हत्या. तीन वर्षांच्या डिस्कांत मात्र हे प्रमाण वर्षाला शेकडा आठाच्या वर गेले होते. त्यातल्या पुष्कळ डिस्कांनी आधी कसलेही लक्षण दाखवले नव्हते.

यावरचा उपाय 'रेड' या नावाने ओळखला जातो. रेड म्हटले की आपल्याला आयकर खात्याची धाड आठवते, पण इथे त्या नावाचा अर्थ वेगळा आहे. अमेरिकेतील बर्कले येथील विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी काट्झ यांनी 1988 साली एक निबंध लिहिला. मोठ्या संगणकांची एकच अवाढव्य, महागडी डिस्क घेण्यापेक्षा घरगुती संगणकाच्या लहान, स्वस्त डिस्का पुष्कळशा एकत्र जोडाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. त्यातली अडचणही त्यांनीच मांडली. एक डिस्क सरासरी 30,000 तास चालत असेल, तर शंभर डिस्कांच्या जथ्यात दर 300 तासांनी, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच, एक तरी निकामी होणार. तेव्हा माहितीची काही जादा नोंद ठेवणे भागच होते. नावातला 'स्वस्त' हा शब्द पुढे जाऊन तिथे 'स्वतंत्र' आला. इंग्रजीत दोन्हींचे आद्याक्षर एकच, म्हणून नाव तेच राहिले. महाग विकायच्या मालाला स्वस्त म्हणणे व्यापाऱ्यांना रुचले नसावे!

जादा नोंदीची सोपी रीत म्हणजे आरसा. प्रत्येक अक्षर एकाच वेळी दोन डिस्कांवर लिहायचे. एक गेली तर दुसरी कामाला असतेच. यात दोन डिस्कांचे पैसे मोजून एकीचीच जागा हाती येते. काटकसरीची रीत गणिताची आहे, आणि ती वर्गात दुकानदाराच्या वहीवरून चटकन समजते. वहीत चार रकमा आहेत आणि खाली बेरीज. एका रकमेवर चहा सांडला तरी बेरजेतून उरलेल्या तीन रकमा वजा केल्या की पुसलेली रक्कम मिळते. बेरीजच पुसली तर पुन्हा करता येते. डिस्कांवर एक आणि शून्य एवढेच आकडे असतात, त्यामुळे बेरजेऐवजी 'एक' किती आले, सम की विषम, एवढेच टिपून ठेवतात. पाच डिस्का असतील तर चार डिस्कांइतकी माहिती मावते आणि पाचपैकी कोणतीही एक गेली तरी अक्षर हरवत नाही. चांगल्या सर्व्हरमध्ये मेलेली डिस्क चालू यंत्रातूनच ओढून काढतात आणि नवी बसवतात; संकेतस्थळ पाहणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

पण नव्या डिस्कवर सगळे पुन्हा लिहून होईपर्यंत काही तास, मोठ्या डिस्कांना कधी दिवसाहून अधिक वेळ लागतो. या काळात उरलेल्या डिस्कांवर ताण असतो, आणि बहुधा त्या एकाच खेपेला घेतलेल्या, एकाच वयाच्या असतात. नेमकी तेव्हाच दुसरी गेली तर वहीतल्या दोन रकमा पुसल्या, आणि मग बेरीज असून उपयोग नाही. म्हणून आता दोन वेगळ्या 'बेरजा' ठेवण्याची पद्धत आहे. तिच्यात दोन डिस्का गेल्या तरी निभावते.

इथवर सारे ठीक. घोटाळा होतो तो या सोयीला राखीव प्रत समजण्यात. जर्नलस्पेस नावाची एक अमेरिकन सेवा होती. सुमारे सहा वर्षे लोक तिच्यावर आपल्या रोजनिश्या लिहीत. चालकांची भिस्त आरशाच्या दोन डिस्कांवर होती, वेगळी प्रत नव्हतीच. 2008 च्या अखेरीस सगळा मजकूर पुसला गेला. डिस्का धडधाकट होत्या. जे लिहिले जाईल ते दोघींनी लिहायचे हे त्यांचे काम, आणि ते त्यांनी इमानेइतबारे केले. पुसणेही दोघींवर सारखेच उतरले. मजकूर परत मिळवणाऱ्या कंपनीनेही हात टेकले आणि जानेवारी 2009 मध्ये सेवा बंद झाल्याचे जाहीर झाले. लिहिणाऱ्यांपैकी ज्यांनी आपल्याकडे दुसरी प्रत ठेवली नव्हती, त्यांची वर्षांची वर्षे गेली.

आगीपुढे तर डिस्का कितीही असोत. 10 मार्च 2021 च्या रात्री फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या आवारात आग लागली आणि सर्व्हरांची एक अख्खी इमारत जळाली. लाखो संकेतस्थळे बंद पडली. काही ग्राहकांची राखीव प्रतही त्याच आवारात होती. आपला शेतकरी सगळे बियाणे एका कणगीत ठेवत नाही. इथे कणग्या दोन होत्या, पण एकाच छपराखाली.

तेव्हा संकेतस्थळासाठी पैसे भरताना रेड आहे का, हे विचारावेच. त्याबरोबर राखीव प्रत दुसऱ्या गावी असते का, किती दिवसांची असते आणि ती परत उतरवून कधी पाहिली आहे, हेही विचारावे. महिन्या-दोन महिन्यांनी एक प्रत संस्थेच्या कपाटातल्या डिस्कवर घ्यावी, आणि नुसत्या फायली नकोत, मजकुराचा डेटाबेसही हवा. मराठी संकेतस्थळाला आणखी एक खोच आहे. डेटाबेस चुकीच्या अक्षरसंचात उतरवला तर पानभर प्रश्नचिन्हे उमटतात. इंग्रजी मजकूर मात्र नीट दिसतो, त्यामुळे हैदराबाद-बंगळूरच्या तंत्रज्ञाला काही बिघडल्याचे कळतच नाही. म्हणून प्रत एकदा उघडून जोडाक्षरे शाबूत आहेत का, हे मराठी वाचणाऱ्यानेच पाहावे. युनिकोड रुळण्यापूर्वीची पाने असतील तर ज्या फॉन्टमध्ये ती टंकली त्याची फाइलही त्याच डिस्कवर ठेवावी. ती नसेल तर त्या जुन्या स्मरणिका उघडतात, पण त्यांत रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गिचमिड कालाच दिसतो.