सोसायटीचा कारभार – भाग 6 : समितीने आधी कागद वाचायला शिकावे

निवडणूक झाली, निकाल लागला, नव्या समितीच्या पहिल्या सभेत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार ठरले. इथून पुढची पाच वर्षे इमारतीचा पैसा, दुरुस्ती आणि सुरक्षितता या लोकांच्या हाती असते. त्यांनी हे काम शिकून घ्यावे, अशी कायद्याची अपेक्षा आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 मध्ये 2013 साली आलेल्या कलम 24-अ नुसार समितीच्या प्रत्येक सदस्याने, तो निवडून आलेला असो वा स्वीकृत, सहकार शिक्षण आणि प्रशिक्षण घेणे बंधनकारक आहे. आदर्श उपविधींनी त्यासाठी दर सदनिकेमागे महिना 10 रुपयांचा शिक्षण व प्रशिक्षण निधीही ठरवला आहे. आपल्या देखभाल बिलात ही ओळ असते, फारसे कुणी तिच्याकडे पाहत नाही. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सचिव एखाद्या एकदिवसीय शिबिराला जाऊन येतो, प्रमाणपत्र फायलीत लागते आणि विषय संपतो. शिबिरात कलमांची उजळणी होते आणि तिचाही उपयोग आहे. पण समितीची अडचण कलम माहीत नसल्यामुळे क्वचितच होते. समोर आलेला कागद काय सांगतो आहे हे न कळल्यामुळे ती जास्त वेळा होते. म्हणून प्रशिक्षणाच्या केंद्रस्थानी कागद वाचणे असावे आणि ते सगळ्या समितीचे असावे, एकट्या सचिवाचे नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

ताळेबंदच घ्या. सिंकिंग फंडासाठी दर सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के आणि दुरुस्ती-देखभाल निधीसाठी किमान 0.75 टक्के रक्कम दरवर्षी गोळा करावी, असे उपविधी सांगतात. 40 सदनिकांची सोसायटी आणि सदनिकेमागे 15 लाख रुपये बांधकाम खर्च धरला, तर सिंकिंग फंडात वर्षाला दीड लाख जमा व्हायला हवेत, दहा वर्षांत व्याज सोडून 15 लाख. ताळेबंदाच्या डाव्या बाजूला, देण्यांमध्ये, हा आकडा बहुधा बरोबर दिसतो. तो पाहून समाधान मानणाऱ्या सदस्याने उजव्या बाजूला यायला हवे. तिथे सिंकिंग फंडाच्या मुदत ठेवी 6 लाखांच्याच असतील आणि त्याखाली ‘सभासदांकडून येणे’ या ओळीत 9 लाख असतील, तर या निधीचा मोठा भाग कागदावरच आहे. थकबाकीदारांनी न भरलेली रक्कम वर्षानुवर्षे या निधीतून भागवली गेली, पाण्याची आणि विजेची बिले त्यातून गेली, आणि कुठल्याही सभेत तसा ठराव झाला नाही. वास्तविक हा निधी वास्तुविशारदाने प्रमाणित केलेल्या मोठ्या दुरुस्तीसाठी किंवा पुनर्बांधणीसाठी आणि सर्वसाधारण सभेच्या मंजुरीनेच वापरायचा असतो. यात कुणी अफरातफर केली असे नाही. डावा आकडा आणि उजवा आकडा शेजारी ठेवून पाहणारा माणूस समितीत नव्हता, एवढेच. हे पाहायला वाणिज्य शाखेची पदवी लागत नाही. कुणीतरी एकदा बोट ठेवून दाखवले की पुरते.

यावर नेहमीचे उत्तर येते की हिशेबाला सीए आहे, रोजच्या कामाला मॅनेजर आहे, इमारतीसाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, मग समितीने हे सगळे का शिकावे? तज्ज्ञ हवेतच. पण तज्ज्ञ अहवाल देतो, निर्णय समितीला घ्यावा लागतो. लेखापरीक्षणाचे उदाहरण पाहा. लेखापरीक्षकाने दाखवलेल्या दोषांवर समितीने तीन महिन्यांत दोष दुरुस्ती अहवाल, म्हणजे ‘ओ’ नमुना, सादर करायचा असतो. दोष काय आहे हेच न कळलेली समिती प्रत्येक मुद्द्यापुढे ‘यापुढे दक्षता घेण्यात येईल’ असे लिहून मोकळी होते आणि पुढच्या वर्षी तेच मुद्दे त्याच क्रमाने परत येतात. तज्ज्ञाला प्रश्न विचारण्याइतके ज्ञान नसेल, तर त्याची फी भरूनही त्याच्या ज्ञानाचा फायदा सोसायटीला मिळत नाही.

ताळेबंदात चूक झाली तर पैसे जातात, संरचनात्मक अहवालात झाली तर माणसे जातात. अमेरिकेतल्या फ्लोरिडात, सर्फसाइड येथे, 24 जून 2021 रोजी पहाटेपूर्वी ‘चॅम्प्लेन टॉवर्स साउथ’ ही 12 मजली निवासी इमारत अंशतः कोसळली आणि 98 माणसे गेली. 1981 ची ती इमारत, तिच्या मूळ आराखड्यातही दोष होते. पण पोहण्याच्या तलावाभोवतीच्या स्लॅबचे जलरोधन निकामी झाले आहे आणि काँक्रीटला मोठे नुकसान पोहोचते आहे, हे अभियंत्याने 2018 मध्येच लेखी दिले होते. पुढे इमारतीच्या संचालक मंडळात वाद झाले, सदस्यांनी राजीनामे दिले, खर्च कुणी आणि किती उचलायचा यावर रहिवाशांत एकमत होईना. सुमारे दीड कोटी डॉलरची वर्गणी ठरली ती एप्रिल 2021 मध्ये, तोवर अडीच वर्षे निघून गेली होती. त्यानंतर फ्लोरिडाने कायदे बदलले. तीन किंवा अधिक मजल्यांच्या अशा इमारतींना संरचनेसाठीच्या राखीव निधीचा अभ्यास सक्तीचा झाला आणि 2024 पासून त्यांच्या संचालकांना चार तासांचे प्रशिक्षण आणि नंतर दरवर्षी एक तासाची उजळणी बंधनकारक झाली. चार तास फार नाहीत. पण इमारतीची सुरक्षितता आणि मंडळाचे शिक्षण हे एकाच प्रश्नाचे भाग आहेत, हे तिथे एवढी किंमत मोजल्यावर मान्य झाले.

आपल्याकडे उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीची दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीची दर तीन वर्षांनी संरचनात्मक तपासणी करायची असते. मुंबईत त्या अहवालात इमारतीला वर्ग मिळतो. सी-1 म्हणजे राहण्यास धोकादायक, तत्काळ रिकामी करण्याजोगी, तर सी-2ब म्हणजे रिकामी न करता संरचनात्मक दुरुस्ती करण्याजोगी. समितीने वर्ग पाहून थांबू नये. काँक्रीट आणि आतल्या सळयांची स्थिती दाखवणाऱ्या कार्बोनेशन आणि हाफ-सेल पोटेन्शियल या चाचण्या कोणत्या कॉलमवर घेतल्या, गच्ची आणि पाण्याच्या टाकीखालचा भाग तपासला का, दुरुस्ती एक पावसाळा पुढे ढकलली तर काय होईल, हे अभियंत्याला सभेत बसवून विचारावे आणि त्याची उत्तरे इतिवृत्तात घ्यावीत. अग्निशमनाचेही तसेच. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यानुसार परवानाधारक संस्थेचे ‘ब’ नमुन्यातले प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. पंप चालवून, होजला पाणी येते का हे पाहून मगच समितीने ते स्वीकारावे.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. हे काम बिनपगारी आहे, लोक नोकरी-धंदा सांभाळून, शिव्या खाऊन ते करतात, त्यात प्रशिक्षणाची सक्ती आली तर उभे कोण राहणार? ही तक्रार खरी आहे आणि समितीवरच्या माणसांविषयी मला मनापासून आदर आहे. पण जबाबदारीचे ओझे त्यांच्यावर आधीच आहे. समितीच्या निर्णयांना सगळे सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार धरले जातात. संस्थेचे नुकसान झाल्याचे चौकशीत सिद्ध झाले, तर कलम 88 खाली ते त्यांच्याकडून वसूल होऊ शकते. ‘मी फक्त सही केली’ हा बचाव तिथे टिकणे कठीण. प्रशिक्षणाने या ओझ्यात भर पडत नाही, उलट त्याखाली उभे राहण्याचे बळ येते. शिवाय ताळेबंद समजणारा सदस्य असहमती असेल तर ती वेळीच इतिवृत्तात नोंदवतो, आणि पुढे त्याला स्वतःला वाचवणारी तीच एक नोंद असते. प्रशिक्षणामुळे समिती कायद्याचा कीस काढू लागेल ही भीतीही मला पटत नाही. कीस निघतो तो कागद सभासदांपासून लपवले गेल्यावर.

तेव्हा जिल्हा हाउसिंग फेडरेशनकडे किंवा महाराष्ट्र राज्य सहकारी संघाकडे प्रशिक्षण मागताना समितीने एक आग्रह धरावा. वर्ग शक्य तर आपल्याच सोसायटीत व्हावा, शंभरपर्यंत सभासद असतील तर अकराच्या अकरा समिती सदस्यांसाठी व्हावा, आणि टेबलावर आपलाच ताळेबंद, आपलाच लेखापरीक्षण अहवाल, आपलाच संरचनात्मक अहवाल असावा. तीन-चार संध्याकाळी त्याला पुरतील. त्याचा खर्च सर्वसाधारण सभेपुढे अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळ म्हणून मांडावा, सभासद सहसा नाही म्हणणार नाहीत. वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. त्याआधीच्या समिती सभेच्या विषयपत्रिकेवर ‘गेल्या वर्षीच्या लेखापरीक्षण अहवालाचे वाचन’ हा पहिला विषय ठेवा, आणि सचिवाला नव्हे, खजिनदारालाही नव्हे, यंदा पहिल्यांदाच निवडून आलेल्या सदस्याला तो वाचायला सांगा.