मण्यांचा राघू : वीण, घरे आणि गणना

मराठवाड्यातील परतूर हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील तालुक्याचे गाव होय. १९८१ पर्यंत हा तालुका परभणी जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी तो नव्या जालना जिल्ह्यास जोडण्यात आला. या भागात, किंबहुना सर्व महाराष्ट्रात, लग्नघरी रुखवत मांडले जाते आणि त्यात मण्यांची तोरणे, फुले व पक्षी यांस स्थान असते. या पक्ष्यांपैकी राघू हा विशेष आवडीचा. पैठणीच्या पदरावर तो सपाट विणला जातो. मण्यांत मात्र त्यास पोट, पाठ व डोके असा भरीव आकार द्यावा लागतो. सपाट विणीतून हा भरीवपणा कसा उत्पन्न होतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मण्यांशी या भूमीचा परिचय फार जुना आहे. याच जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथे १९७३ मध्ये झालेल्या उत्खननात हस्तिदंती वस्तूंबरोबर अनेक प्रकारचे मणी मिळाले. तथापि ते मुख्यतः माळेत ओवण्याचे मणी होत. मणी ओवणे निराळे आणि मणी विणणे निराळे. ओवण्यात दोरा एकाच दिशेने जातो. विणण्यात तो पूर्वीच्या मण्यांतून पुन्हा फिरून येतो व मण्यांस एकमेकांशी बांधतो.

विणीचा मूळ घटक म्हणजे ‘घर’. तंगुसाच्या तुकड्यात पाच मणी घ्यावेत आणि शेवटच्या मण्यातून दोन्ही टोके परस्परांविरुद्ध दिशांनी काढून ताणावीत, म्हणजे पाच मण्यांचे एक घर तयार होते. पुढील घर बांधताना या घरातील एक मणी सामाईक धरावयाचा व चार नवे घ्यावयाचे. अशा रीतीने प्रत्येक मणी दोन घरांच्या मधली भिंत बनतो. भूमितीच्या भाषेत बोलावयाचे तर मणी ही आकृतीची कड होय.

राघूचे डोके हा या रीतीचा सर्वांत सोपा नमुना आहे. पहिले घर पाच मण्यांचे. त्याभोवती पाच घरे बांधताना नवे मणी अनुक्रमे चार, तीन, तीन, तीन व दोन लागतात. कारण शेजारच्या घरांचे मणी आयतेच मिळतात. येथवर वीस मणी होऊन वाटीसारखा आकार येतो. पुढच्या फेरीत तीन, दोन, दोन, दोन व एक असे दहाच मणी पुरतात. बारावे घर नवा मणी न घेताच मिटते; केवळ उरलेल्या पाच मण्यांतून दोरा फिरवून तो आवळावा लागतो. तीस मण्यांचा हा चेंडू म्हणजे भूमितीतील द्वादशफलकच होय. चार मिलिमीटर व्यासाचे मणी घेतल्यास तो सुमारे दीड सेंटिमीटरचा होतो.

धडास लांबट आकार हवा. त्यासाठी वाटी पूर्ण झाल्यावर ती लगेच न मिटवता सहा मण्यांच्या पाच घरांचा एक वेढा घालावा. त्यास चार, तीन, तीन, तीन, दोन असे पंधरा नवे मणी लागतात. असे दोन वेढे घालून मग वर सांगितलेल्या रीतीने तोंड मिटवले, तर साठ मण्यांचे धड होते. आत थोडा कापूस भरल्यास ते चेपत नाही. डोक्याचे शेवटचे घर हेच धडाचे पहिले घर धरले तर पाच मणी वाचतात. ते गुलाबी घेतले की राघूचा कंठ साधतो.

पंखांस निराळी वीण लागते. सहा मणी सुईदोऱ्याने शेजारी शेजारी बांधून त्यांच्यामधील पाच धाग्यांवर पाच मणी, त्यांवर चार, असे विटांच्या भिंतीप्रमाणे रचत गेल्यास एकवीस मण्यांचा निमुळता पंख आपोआप घडतो. शेपटीसाठी चार मण्यांच्या सहा घरांची पट्टी पुरते; तीस एकोणीस मणी लागतात. चोचीस तीन लाल मणी. एकूण हिशेब एकशे एकोणपन्नास मण्यांचा होतो. डोळ्यांचे दोन काळे मणी डोक्याच्या तिसांतच धरलेले आहेत.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एका बिंदूशी तीन घरे मिळत असतील, तर सहा मण्यांची घरे सपाट पसरतात; पाचांची घरे विणीस बाहेर फुगवतात; सातांची तिला खोगिराप्रमाणे वळवतात. ऑयलर (१७०७–१७८३) या गणितज्ञाच्या सूत्रावरून असे निघते की, पाच व सहा मण्यांच्या घरांनी मिटणाऱ्या अशा कोणत्याही भरीव आकारात पाचांची घरे नेमकी बाराच असतात. वरील डोके व धड हे दोन्ही तपासून पाहावेत. सातांचे प्रत्येक घर मात्र पाचांच्या एका जादा घराने फेडावे लागते. डोके व धड अखंड विणून मानेभोवती सातांची पाच घरे घातली, तर त्या पक्ष्याच्या अंगी पाचांची घरे सतरा असलीच पाहिजेत. एरवी वीण मिटणारच नाही. १९८५ मध्ये शोध लागलेल्या साठ कार्बन अणूंच्या रेणूची रचना याच नियमाने चालते. नव्वद मण्यांत तिची प्रतिकृती विणता येते, आणि तैवानमधील रसायनशास्त्रज्ञ बी-याव जिन यांनी अशा प्रतिकृतींचा अभ्यासात उपयोग केला आहे.

ज्या स्त्रीने ऑयलरचे नावही ऐकलेले नाही, तीही कोठे पाच घ्यावयाचे व कोठे सहा हे बोटांनी जाणते. हे ज्ञान मात्र नाजूक आहे. तयार राघूकडे पाहून दोऱ्याचा मार्ग कळत नाही, आणि तो कळावा म्हणून दोरा कापला तर राघूच उरत नाही. रुखवत बाजारातून तयार आणले जाऊ लागले की वस्तू घरात येते, पण गणना घराबाहेर जाते. म्हणून ज्यांच्या घरी विणणारी आजी वा मावशी असेल, त्यांनी तिच्याजवळ बसून प्रत्येक घरास किती नवे मणी घेतले, एवढे आकडेच क्रमाने उतरून घ्यावेत. ५, ४, ३, ३, ३, २. ३, २, २, २, १. ० ही एक ओळ हाती असली, तर पुढील पिढीस राघूचे डोके पुन्हा विणता येईल.