मुदत छापलेलं सॉफ्टवेअर

पुढे सेवाग्रामशी जोडल्या गेलेल्या अखिल भारतीय चरखा संघाने १९२९ मध्ये सुधारित चरख्यासाठी एक लाखाचं बक्षीस जाहीर केलं. वेळच्या वेळी निगा राखल्यास यंत्र किमान वीस वर्षं चालावं आणि सुट्या भागांचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाऊ नये, अशी त्यात अट होती. मुक्त सॉफ्टवेअर मात्र अनेकदा मुदत घालूनच येतं. एप्रिल २०२० मध्ये आलेल्या उबुंटू २०.०४ या मुक्त कार्यप्रणालीची नेहमीची देखभाल मे २०२५ मध्ये थांबली. मग वर्ध्यातल्या एखाद्या ग्रंथालयाने चालता संगणक का छेडावा?

कारण सॉफ्टवेअर झिजत नाही, त्यातली जुनी भोकं उशिरा सापडतात. इंटरनेटवरचा संवाद कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ चूक २०१४ मध्ये उघड झाली, तेव्हा ती दोन वर्षं जगभर वापरात होती. अशा चुकीची दुरुस्ती प्रत्येक जुन्या आवृत्तीत वेगळी बसवून तपासावी लागते. आवृत्त्या वाढतात, राबणारे हात तेवढेच राहतात. म्हणूनच उबुंटू ज्यावर उभी आहे त्या लिनक्सच्या गाभ्याच्या दीर्घकालीन आवृत्त्यांची मुदत सहा वर्षांवरून दोनवर आणायचं २०२३ मध्ये ठरलं. जाहीर तारीख हा मला तरी प्रामाणिकपणा वाटतो. न सांगता सोडून देणं त्याहून वाईट.

कोड खुला आहे, आपणच दुरुस्त करू, असं कुणी म्हणेल. हक्क खरा आहे, पण तो बजावणारा जाणकार आर्वी-हिंगणघाटात हवा तेव्हा मिळेलच असं नाही. इंटरनेटच नाही, मग धोका कसला म्हणावं, तर तो पेनड्राइव्हमधून येतोच. म्हणून कार्यालयात नऊच महिने देखभाल मिळणारी उबुंटू बसवणं चूक; तिथे पाच वर्षांचीच आवृत्ती हवी, आणि बदलाचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात.